आधी पाणी, मग पाना

माझ्या नातवाने परवा डोंगरात चालवायची म्हणून एक सायकल घेतली. घरी आणल्यावर ती सायकल बघायच्या आधी मला तिचं कौतुकच ऐकावं लागलं. "आज्जी, दुकानात माझी मापं घेतली. पायाचं, हाताचं, सगळं. मग त्या मापाने सीट, हँडल, गिअर निवडले. एकदम नवीन शास्त्र आहे." मी हसले. तो रुसला. त्याला काय सांगणार, की पन्नास वर्षांपूर्वी पलूसच्या अलीकडे एका फाट्यावर, कडुलिंबाखाली, हे नवीन शास्त्र चांगलं जुनं झालेलं होतं. आणि त्या शास्त्राची सुरुवात माप घेण्यापासून नाही, पाणी पिण्यापासून व्हायची.

सिदराम बनसोडे हे त्याचं नाव. पलटणीच्या वर्कशॉपात पंधरा वर्षं गाड्या दुरुस्त करून तो गावी परत आला आणि फाट्यावर पत्र्याचं एक खोपट टाकून सायकली दुरुस्त करायला लागला. सगळे त्याला सिदू फिटर म्हणत. उंच, काटक, काळा कुळकुळीत, आणि मिशा अशा कातरलेल्या की उद्या पुन्हा परेडला उभं राहायचं असावं. दुकानावर पाटी नव्हती. दारात दगडी कट्टा, कट्ट्यावर झाकण घातलेला माठ आणि त्यावर पालथा घातलेला जर्मनचा पेला, हीच त्याची पाटी.

मी साताऱ्यात वाढलेली. खिंडीपलीकडच्या वाडीवर शिक्षिका म्हणून ऑर्डर निघाली तेव्हा मला वाटलं, फाट्याजवळ खोली घेऊन राहिलं की चार मैल तर जायचं. भावाने साताऱ्याहून नवी कोरी लेडीज सायकल घेऊन दिली होती. ते चार मैल सरळ आभाळात जातात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मनगटं सुजली, कंबर धरली, आणि खिंडीच्या निम्म्या वाटेवर उतरून सायकल ढकलताना दूध घेऊन येणारी माणसं दात काढायला लागली. शेवटी मी सायकल घेऊन फाट्यावर गेले.

"सीट टोचते. खाली करून द्या," मी म्हटलं.

सिदूने सायकलीकडे बघितलंसुद्धा नाही. माठातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला माझ्यापुढे धरला.

"आधी पाणी, बाई. मग पाना."

मला तहान लागली होती. मी पेला रिकामा केला आणि कट्ट्यावर ठेवला. त्याने तो उचलून पालथा ठेवला आणि मग कुठे खिळ्यावरचा पाना काढला. मला वाटलं, काय अगत्यशील माणूस आहे! माझी मेली अक्कल तेवढीच. ते अगत्य नव्हतं, ती अट होती, हे कळायला मला आठ दिवस लागले. सिदू बौद्ध. त्याच्या हातचं पाणी जो पिणार नाही, त्याच्या सायकलीला तो हात लावत नसे. भांडायचा नाही, आवाज चढवायचा नाही. पाना खिळ्याला अडकवायचा आणि विडी पेटवायचा. पेला पालथा झाल्याशिवाय काम सुरू नाही.

आमचे हेडमास्तर एकदा नुकताच चहा घेऊन त्याच्याकडे गेले. ते बिचारे तसल्या मनाचे अजिबात नव्हते. "अरे, खरंच तहान नाही रे," असं ते काकुळतीला येऊन सांगत होते. सिदू म्हणाला, "तहान तुमची, गुरुजी. अट माझी. एक घोट घ्या." हेडमास्तरांनी घोट घेतला, त्यांना ठसका लागला आणि तो ठसका शाळेत येईपर्यंत टिकला.

दुष्काळाच्या साली फाट्यावर टँकर यायचा. सिदूची बायको पारूवहिनी दोन-दोन तास रांगेत उभी राहून घागर आणायची, आणि त्यातून आधी दुकानातला माठ भरला जायचा. लोक म्हणाले, यंदा तरी हे खूळ सोड. सिदूचं उत्तर ठरलेलं. "दुष्काळात अट मोडली तर सुकाळात कोण मानंल?"

मी सीट खाली करायला सांगितली होती. त्याने ती दोन बोटं वर केली. मी तक्रार केली तर म्हणाला, "दुखनं मनगटात हाय, बाई, आन् चूक सीटमधी हाय. ही सायकल कंपनीनं केली तवा तुमी तितं हुता का?"

"नव्हते."

"मग तिला तुमचा पाय कसा ठावं असंल?"

त्याने माझ्याकडून सुतळीचं एक टोक टाचेखाली धरून घेतलं आणि कमरेपाशी एक गाठ मारली. दुसरी गाठ खांद्यापासून मुठीपर्यंत. मग दप्तर खांद्याला लावून मला समोरच्या बांधावर चढायला लावलं आणि उतरल्या उतरल्या पाढे म्हणायला सांगितलं. सतराचा. माझा दम 'सतरा चोक' वर गेला. त्याने तिसरी गाठ मारली. "ही दमाची गाठ." त्या गाठीवरून त्याने मागच्या चाकाची दातेरी चकती बदलून जास्त दातांची बसवली. "आता पळणार न्हाई पैल्यासारकी. पर चढाला उतरावं लागणार न्हाई. दोन्ही मिळत न्हाई, बाई. काय पायजे ते सांगा." मी म्हटलं, दूधवाल्यांचे दात बंद झाले पाहिजेत. तो पहिल्यांदा हसला.

त्याच्या खोपटाच्या एका भिंतीवर अशा सुतळ्या टांगलेल्या असत. प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर नाव. शंभर-दीडशे तरी असतील. सायकल दुसऱ्याच्या हाती पाठवून दिलेली त्याला चालत नसे. "सायकल का आजारी हाय व्हय? चालवनाऱ्याला घेऊन ये." त्याच्या मते बिघडलेली सायकल ही गोष्ट फार थोडी; न बसलेली सायकल हाच खरा आजार. "सायकल मानसाला बसवायची आस्ती. मानूस सायकलीला न्हाई." हे वाक्य तो दिवसातून दहादा म्हणायचा आणि दहाही वेळा कुणाशी तरी भांडल्यासारखं म्हणायचा.

तेवढ्यावर त्याचं काम संपत नसे. बसवलेली सायकल तो स्वतः चालवून बघायचा, आणि तीही ज्याची असेल त्याच्यासारखी. दूधवाल्याची असेल तर दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या कॅन लावून. म्हाताऱ्या पोस्टमनची असेल तर वाकून, सावकाश. माझी सायकल तयार झाल्यावर मी घ्यायला गेले तर फाट्यावर ही गर्दी! पोरं शिट्ट्या घालत होती, हॉटेलवाला भजी सोडून बाहेर आला होता. आणि सगळ्यांच्या मधून सिदू फिटर, पारूवहिनींचं हिरवं पातळ नेसून, पदर खोचून, मिशांसकट, माझ्या सायकलवरून ऐटीत चकरा मारत होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"हसा, हसा," तो चकरा मारता मारता लोकांना म्हणत होता. "खिंडीच्या उताराला बाईचा पदर तारांत गेला तर उचलायला तुमी येनार न्हाई."

त्याचा खोचलेला पदर सुटला आणि खरंच तारांत गेला. पातळाचा टरकन आवाज आला. सिदू उतरला, त्याने फाटलेली जागा नीट बघितली आणि दुसऱ्या दिवशी मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून दिली. सात वर्षं मी ती सायकल खिंडीतून चढवली-उतरवली. पदर एकदाही अडकला नाही. पारूवहिनींनी मात्र त्या पातळावरून नवऱ्याला महिनाभर ऐकवलं आणि त्याच्याकडून नवं पातळ काढलं.

त्याला हे मापाचं वेड कुठून लागलं, हे मी एकदा विचारलं होतं. तो चाकाच्या तारा ओढत होता. हात न थांबवता म्हणाला, "माज्या बानं जलमभर दुसऱ्याच्या मापाचं घातलं. कुनी फाटका कोट द्यायचं, कुनी जुनं पायतान. कोट गुडघ्यापतूर आन् पायतान ल्हान. बा टाचंनं चालायचा. लोकं म्हनायची, सिद्याचा बा फेंगडा हाय. फेंगडा नव्हता, बाई. पायतान ल्हान हुतं."

त्याने पुढची तार ओढली. त्या दिवसापासून मला त्याच्या अटीचा राग कधी आला नाही.

तो राग ज्यांना वर्षानुवर्षं आला त्यांतले पहिले म्हणजे आमच्या वाडीचे तात्या पाटील. पंचवीस एकर ऊस, दारात चार बैल, आणि शब्दाला गावात वजन. माणूस वाईट नव्हता. शाळेची पडकी भिंत त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली. पण पाणी म्हटलं की त्यांचं सगळं शहाणपण माठाच्या बाहेर राहायचं. स्वतःची सायकल ते थेट इस्लामपूरला पाठवत. जाता-येता फाट्यावर सिदू दिसला तर ते आभाळाकडे बघत.

त्यांचा थोरला मुलगा आनंदा पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. दवाखान्यातून लाकडी पाय लावून तो घरी आला तेव्हा वाडीने वाजतगाजत त्याची मिरवणूक काढली. पुढचे सहा महिने त्याला जो भेटेल तो एकच गोष्ट सांगायचा. बस. "बस गड्या, दमला असशील." "पेन्शन हाय, जमीन हाय, बसून खा." देवळात गेला तर कट्ट्यावर जागा करून देत, शेतात गेला तर बाज टाकत. सव्वीस वर्षांचा माणूस. एकदा शाळेच्या पायरीवर तो मला म्हणाला, "बाई, गोळी लागली तवा येवढं दुखलं नव्हतं. ही लोकं मला जित्तेपनी फोटोत बसवाया लागलीत."

त्याला काम हवं होतं. आमच्या भागातल्या साखर कारखान्यात चिटबॉयची जागा निघाली. चिटबॉय म्हणजे नाव पोऱ्याचं, पण काम जबाबदारीचं. रानोरान हिंडून कुणाचा ऊस कधी लावला, कुणाला कधी तोड द्यायची याची नोंद करायची. आनंदाने अर्ज केला. शेतकी अधिकारी भला होता, पण नियमाला घट्ट. म्हणाला, "आनंदराव, हा गट खिंडीपलीकडे आहे, आणि कारखाना अलीकडे. सायकल चालवता आली पाहिजे. दसऱ्यानंतर मी जीप घेऊन खिंडीवर थांबतो. फाट्यापासून वरपर्यंत, मध्ये पाय न टेकता या. ऑर्डर तिथंच देतो. नाही आलात तर वाईट वाटून घेऊ नका."

तात्यांनी इस्लामपूरहून नवी सायकल आणली. आनंदा तिच्यावरून तीनदा पडला. तात्या म्हणाले, "झालं समाधान? आता बस."

चौथ्या दिवशी आनंदा एस.टी.ने फाट्यावर उतरला आणि सिदूपुढे उभा राहिला. सिदूने पेला भरला. आनंदाने तो एका दमात रिकामा केला, स्वतःच कट्ट्यावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "दादा, माज्या मापाची सायकल पायजे."

हे तात्यांना संध्याकाळच्या आत कळलं. दुसऱ्या दिवशी ते बैलगाडी जुंपून फाट्यावर आले. गाडीतून उतरले नाहीत. मी साताऱ्याच्या एस.टी.ची वाट बघत तिथेच उभी होते.

"सिदा," ते म्हणाले, "पोराची सायकल आमच्या दारात यून कर. सामान लागंल ते आनून दितो. पोरानं हितं याचं न्हाई."

सिदूने गाडीपाशी जाऊन पेला वर धरला. "उन्हाचं आलाय. पानी घ्या, तात्या."

"मला तहान न्हाई."

"मग ऱ्हायलं. सायकल तुमची न्हाई, तुमच्या पोराची हाय. त्यानं पानी प्यालंय. काम हितंच हुनार."

"तुला लय माज आलाय."

"व्हय. उशिरा आलाय, पर आलाय."

तात्यांनी बैलांची शेपटं पिरगाळली. सिदूने पेल्यातलं पाणी कडुलिंबाला घातलं, पाना खिळ्याला अडकवला आणि विडी पेटवली. घरी तात्यांनी आनंदाला बजावलं, की पुन्हा तिकडे गेलास तर माझ्याशी बोलू नकोस. आनंदा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने गेला. बापलेकांचं बोलणं बंद झालं.

आणि एवढं सगळं होऊन सिदूने घोटाळा केला. त्याच्या आयुष्यातला मला माहीत असलेला सर्वांत मोठा. त्याने आनंदाच्या दोन्ही पायांची मापं घेतली, लाकडी पायाच्या बाजूचं पायडल उंच केलं, पाय निसटू नये म्हणून पट्टा बांधला. सपाटीवर आनंदा छान चालवायला लागला. आठ दिवसांनी त्याने चढावर घातली. निम्म्यावर सायकल डावीकडे कलली, पट्ट्यातून पाय सुटेना, आणि आनंदा सायकलीसकट चरीत गेला. सिदूने धावत जाऊन पट्टा सोडला तेव्हा लाकडी पायाच्या वरचं फडकं रक्ताने भिजलेलं होतं. आठ दिवस जखम चिघळत होती आणि हा पठ्ठ्या दात आवळून गप्प होता.

"बोलला का न्हाईस रं?"

"बोललो आस्तो तर तुमीबी म्हनला असता, बस."

सिदूने आपल्याच कपाळावर थाडकन मारून घेतलं. "मी पाय मोजला. मानूस मोजला न्हाई. लाकडाला पायडल मारायला लावलं मी! माज्या बाच्या पायतानावानी केलं तुजं." दुकानात परतल्यावर त्याने आनंदाच्या मापाची सुतळी भिंतीवरून काढली आणि चुलीत टाकली.

जखम भरेपर्यंत तीन आठवडे गेले. दसरा तोंडावर आला. त्या तीन आठवड्यांत सिदूने आपला डावा पाय गुडघ्यात दुमडून फडक्याने मांडीला बांधला आणि रोज सकाळी एका पायाने सायकल चालवायला सुरुवात केली. फाट्यावर पुन्हा जत्रा. तो पडायचा, उठायचा, बसायचा, परत पडायचा. कोपरं सोलली. हॉटेलवाला म्हणाला, "फिटर, पाय असून लंगडा झालास की रं!" सिदू म्हणाला, "ठावं नसलेलं काम करन्यापरीस लंगडं बरं." त्याला पडून-पडून एक गोष्ट कळली. एका पायाने पायडल खाली दाबता येतं. अडतं ते वर आणताना. दुसरा पाय पायडल मारतो म्हणजे पहिल्याला वर उचलतो. तो उचलणारा कुठून आणायचा?

त्याने जी सायकल केली तशी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. लाकडी पायाला पायडलच नाही. तो पाय टेकवून ठेवायला एक लोखंडी पट्टी. पुढची दातेरी चकती लहान मुलांच्या सायकलची, म्हणजे चढ हलका होईल. उजव्या पायडलला पाय वर ओढता यावा म्हणून चामड्याचा पट्टा, पण असा सैल, की टाच हलवली की सुटेल. तो पट्टा सिदूच्या पलटणीतल्या कमरपट्ट्याचा होता. दर रविवारी तेल लावून तो भिंतीवर टांगायचा, तो त्याने कापला. आणि डाव्या बाजूला, पायडलच्या जागी, वाण्याच्या तराजूतलं दोन किलोचं वजन भोक पाडून बोल्टने आवळलेलं. उजवा पाय तळाला गेला की वजन माथ्यावर यायचं, आणि पलीकडे पडताना उजव्या पायाला वर उचलायचं.

"ह्यो तुजा डावा पाय," सिदू म्हणाला. "दोन किलो. ह्येला दुखत न्हाई, ह्यो बस म्हनत न्हाई."

आनंदा सायकलीभोवती फिरला आणि त्याचं तोंड उतरलं. चढता-उतरता पाय अडखळू नये म्हणून सिदूने सांगाडा घेतला होता तो मधली दांडी नसलेला. लेडीज.

"दादा, ही बायकांची सायकल हाय."

"व्हय. ह्या बाई रोज असल्याच सायकलीवरनं खिंड चढत्यात. तुज्या पलटनीतली मर्दानगी दांडीला टांगली हुती का रं?"

मी तिथे होते. मला हसू आवरेना. आनंदा माझ्याकडे बघून लाजला आणि बसला.

दसऱ्यानंतरच्या त्या दिवशी ऊन असं होतं, की डांबर चपलेला चिकटत होतं. वर खिंडीत जीप उभी. वाटेच्या दोन्ही बाजूंना वाडी आणि फाटा मिळून सगळी माणसं. शाळेला सुट्टी नव्हती, पण शाळेत कुणी आलंच नाही, तेव्हा मी पण गेले. चढाचं सगळ्यात वाईट वळण निम्म्यावर आहे. सिदू तिथे सायकलच्या कॅरिअरवर माठ बांधून आला होता. हातात पाना. आणि वीस हात लांब, बाभळीखाली, कुणाला आपण दिसत नाही अशा समजुतीने तात्या पाटील उभे होते.

आनंदा आला. तोंड लाल, सदरा पाठीला चिकटलेला. ते वजन वर यायचं, पडायचं, वर यायचं, पडायचं. वळणावर सायकल जवळजवळ थांबली. चाक डावीकडे, उजवीकडे डुलायला लागलं. कुणीतरी कळवळून मागून धक्का द्यायला पळालं.

"हात लावशील तर हात काढीन!" सिदू असा ओरडला, की खिंडीने ते दोनदा म्हटलं. "सोड त्येला! त्येचा चढ हाय!"

धावणारा जागीच थांबला. आनंदाने मान खाली घातली. वजन माथ्यावर थरथरत उभं राहिलं, मग पलीकडे पडलं, आणि सायकल वळणाच्या पुढे गेली. मग ती थांबली नाही. वर जीपजवळ आरडाओरडा झाला तेव्हा आम्हाला कळलं. मी रडत होते, आणि ते सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

सिदू रडला नाही. तो पान्याने मांडीवर ठेका धरून उभा होता. तेवढ्यात तात्या बाभळीखालून निघून त्याच्यासमोर आले.

"पानी दे."

"तुमाला?"

तात्यांचे ओठ हलले. "पोराला."

सिदूने पेला काठोकाठ भरला. तात्यांनी तो त्याच्या हातातून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि ते भर उन्हात तो पेला धरून खिंड चढायला लागले. निम्मं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. "पेला परत आनून द्या," सिदूने मागून आवाज दिला. त्यांनी आणला. कट्ट्यासारख्या एका दगडावर ठेवला, आणि तोही उताणा. सिदूने ते पाहिलं.

"नेला, पर प्याला न्हाई," तो मला म्हणाला. मला वाटलं होतं, आज तरी हा थोडा मऊ होईल. म्हटलं, "अहो, एवढं केलं ना त्यांनी!" तो म्हणाला, "त्येनी पोरासाटी केलं. चांगलंच केलं. पर माजी अट माज्यासाटी हाय."

आनंदाने पुढे कैक वर्षं खिंडीपलीकडच्या उसाची नोंद ठेवली. बापलेक बोलायला लागले. तात्यांच्या सायकलीला मात्र सिदूने पुढची काही वर्षं हात लावला नाही, आणि तात्यांनी लावायला सांगितला नाही.

वाडीवर सात वर्षं झाल्यावर माझी बदली साताऱ्याला झाली. माझी सायकल मी वाडीवर येणाऱ्या नव्या शिक्षिकेसाठी ठेवली होती, सिदूने तिचं माप घेऊन बदल करायचा या बोलीवर. ट्रंक, वळकटी घेऊन मी फाट्यावर आले. एस.टी. उभी होती. सिदूचा निरोप घ्यायला गेले तर कट्ट्यासमोर तात्या पाटील उभे. शेजारी त्यांची जुनी सायकल. गुडघे गेले होते त्यांचे. इस्लामपूरच्या मिस्त्रीने सीट वर करून बघितली, खाली करून बघितली, पण रानात जाताना ते कळवळायचे. त्यांनी आनंदाला सांगितलं, माझी सायकल फिटरकडे घेऊन जा. आनंदा म्हणाला होता, "तात्या, त्यो सायकलीचं माप घेत न्हाई. तुमाला सोताला जावं लागंल."

सिदूने पेला भरून त्यांच्या हातात दिलेला होता. तात्या तो धरून उभे होते, खिंडीत धरला होता तसाच.

"त्या दिशी घितला हुता की हातात," ते पुटपुटले.

"हातात घितला हुता. तोंडाला लावला नव्हता."

"म्हातारा झालो रं आता."

"मीबी झालो, तात्या. अटबी झाली. पर हाय."

कंडक्टरने घंटी दिली. मी सिदूला हात जोडले, त्याने पलटणीतल्यासारखा मला सलाम ठोकला आणि परत तात्यांकडे वळला. मी घाईने गाडीत चढले. खिडकीपाशी जागा धरेपर्यंत गाडीने फाट्यावरचं वळण घेतलं, म्हणून मला एकदाच, मागे वळून, बघता आलं.

सिदू जमिनीवर उकिडवा बसला होता. नव्या सुतळीचं एक टोक तात्यांच्या टाचेखाली होतं, दुसरं त्याच्या हातात. तात्या धोतर सावरून ताठ उभे होते. आणि कट्ट्यावरचा पेला पालथा होता.